मॉसोलियम: एका क्षत्रपाचं नाव जगभरच्या थडग्यांना कसं मिळालं

दिल्लीतला हुमायूनचा मकबरा, मॉस्कोच्या लाल चौकातली लेनिनची वास्तू, रोममधली सम्राट ऑगस्टसची गोल कबर, आग्र्याचा ताजमहाल. धर्म वेगळे, शतकं वेगळी, घडणही एकमेकींशी जुळत नाही. तरी इंग्रजी बोलणारा माणूस या सगळ्यांना एकच शब्द लावतो: मॉसोलियम. फ्रेंच, इटालियन, जर्मन, रशियन या भाषांनीही थोडा उच्चार बदलून हाच शब्द घेतला आहे. मराठीत त्याचं भाषांतर कधी 'मकबरा', कधी 'समाधी', कधी 'स्मारक' असं होतं.

या शब्दाच्या पोटात 'कबर', 'मृत्यू' किंवा 'स्मृती' असा कुठलाही अर्थ नाही. ते एका माणसाचं नाव आहे. तो माणूस सुमारे 2,400 वर्षांपूर्वी वारला आणि त्याचा प्रांत आज नकाशावर त्या नावाने सापडत नाही. असं एक नाव इतक्या भाषांमध्ये सामान्यनाम होऊन का बसलं, हे समजून घ्यायचं तर आधी त्या माणसाकडे आणि त्याच्या गावाकडे जायला हवं.

त्याचं नाव मॉसोलस. आजच्या तुर्कस्तानच्या नैऋत्य किनाऱ्यावर कॅरिया नावाचा प्रदेश होता. तिथले मूळ लोक कॅरियन. त्यांची भाषा आणि लिपी स्वतःची होती. किनाऱ्यावर ग्रीकांची शहरं होती आणि सत्ता होती इराणच्या हखामनी सम्राटांची. मॉसोलसने या प्रदेशावर इ. स. पू. 377 ते 353 असं राज्य केलं. त्याचा बाप हेकाटोम्नस हाही त्याच पदावर होता. पद होतं इराणी सम्राटाच्या प्रांताधिकाऱ्याचं. ग्रीक लोक त्याला 'सॅट्रप' म्हणत, आणि आपण ज्याला 'क्षत्रप' म्हणतो तो हाच शब्द. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या शिलालेखांत ज्याचं नाव येतं तो नहपान याच बिरुदाचा धनी होता, आणि आजही वर्तमानपत्रं एखाद्या वजनदार नेत्याला 'प्रादेशिक क्षत्रप' म्हणतात. मॉसोलसला हे वर्णन शब्दशः लागू पडतं. कागदावर तो इराणच्या सम्राटाचा नोकर, व्यवहारात आपल्या मुलखाचा राजा. एकदा तो सम्राटाविरुद्धच्या क्षत्रपांच्या बंडात सामील झाला आणि वारा फिरताच परत निष्ठावंतही झाला. ऱ्होड्स, कोस, किऑस या बेटांना अथेन्सविरुद्ध फूस लावून त्याने आपलं वजन वाढवलं.

या शब्दाच्या दृष्टीने त्याची सर्वांत महत्त्वाची कृती मात्र लढाईतली नाही. त्याने राजधानी हलवली. पूर्वीची राजधानी मिलासा आत डोंगराळ भागात होती. त्याने समुद्रकाठचं हॅलिकार्नॅसस निवडलं, म्हणजे आजचं बोद्रुम. इतिहासकार हेरोडोटस याच गावचा. आसपासच्या लहान गावांतली वस्ती त्याने या शहरात आणून बसवली, तटबंदी घातली, बंदर बांधलं, राजवाडा उभारला. आणि या नव्या शहराच्या ऐन मध्यावर एक मोठी जागा आपल्या कबरीसाठी राखली.

ही गोष्ट आपल्याला आज साधी वाटेल, पण ग्रीक नजरेला ती धक्कादायक होती. ग्रीक शहरांत मृतांना वेशीबाहेर, रस्त्याच्या कडेला पुरत. गावकुसाच्या आत कबर मिळण्याचा मान सहसा एकालाच: ज्याने ते शहर वसवलं त्या संस्थापकाला. तिथे मग त्याची वीरपुरुष म्हणून पूजा होई. मॉसोलसने आपली कबर शहराच्या मध्यभागी मांडली, ती हा हक्क सांगण्यासाठी. हे शहर मी वसवलं, मी इथला मूळपुरुष, असं ती जागाच बोलत होती.

मॉसोलस वारला तेव्हा गादीवर आली त्याची राणी आर्टेमिसिया. ती त्याची सख्खी बहीणही होती. या घराण्यात बहीण-भावांचे विवाह होत; त्यांचाच भाऊ इड्रिअस आणि बहीण आडा यांचंही असंच लग्न झालं होतं. (सलामिसच्या समुद्री लढाईत इराणच्या बाजूने लढलेली आर्टेमिसिया वेगळी. ती याच शहराची राणी, पण सव्वाशे वर्षं आधीची. दोघींची गल्लत वारंवार होते.) आर्टेमिसियाच्या शोकाची एक कथा रोमन लेखकांनी सांगितली आहे: तिने नवऱ्याच्या अस्थींची राख पाण्यात मिसळून पिऊन टाकली, म्हणजे आपलं शरीरच त्याची कबर व्हावं. युरोपातल्या चित्रकारांनी हा प्रसंग पुढे पुष्कळ रंगवला, प्याला हातात घेतलेली राणी अनेक चित्रांत दिसते. मॉसोलसच्या स्मरणार्थ तिने वक्तृत्वाची स्पर्धा भरवली आणि ती इतिहासकार थिओपॉम्पसने जिंकली, असंही ते लिहितात.

'पतीच्या विरहात राणीने बांधलेली कबर' ही गोष्ट त्यामुळे रूढ झाली. मला ती अपुरी वाटते. आर्टेमिसिया नवऱ्यानंतर जेमतेम दोन वर्षं जगली. एवढ्या काळात ही वास्तू पुरी होणं शक्य नव्हतं, आणि शहराच्या आराखड्यातच तिची जागा ठरलेली असल्यामुळे काम मॉसोलसच्या हयातीतच सुरू झालं असावं असं बरेच अभ्यासक मानतात. राणीने शोक केला असेल, तो खराही असेल. पण ही वास्तू आधी एका सत्ताधाऱ्याची योजना होती. राणी वारल्यावरही शिल्पकारांनी काम सोडलं नाही. ही आपल्याही कलेची आणि कीर्तीची खूण आहे असं समजून त्यांनी ते पुरं केलं, असं रोमन लेखक प्लिनी लिहितो.

प्लिनीने या वास्तूची मापंही नोंदवली. खाली उंच, भरभक्कम चौथरा. त्यावर चहूबाजूंनी मिळून 36 खांब, एखाद्या ग्रीक देवळासारखे. खांबांवर 24 पायऱ्यांचा, वर निमुळता होत जाणारा पिरॅमिड. आणि सगळ्यांत वर, संगमरवरात घडवलेला चार घोड्यांचा रथ. एकूण उंची 140 रोमन फूट, म्हणजे आजच्या हिशेबात साधारण 41 मीटर. वास्तुविशारद होते पायथिओस आणि सॅटिरोस. माथ्यावरचा रथ पायथिओसचा. चार बाजूंची शिल्पं चार नामांकित ग्रीक शिल्पकारांनी घडवली: पूर्वेला स्कोपास, उत्तरेला ब्रायाक्सिस, दक्षिणेला टिमोथिओस, पश्चिमेला लिओकारेस. ग्रीक योद्धे आणि ॲमेझॉन स्त्रिया यांच्या लढाईचा जो शिल्पपट्टा तिथे होता, त्याचे भाग आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

या रचनेत नवं काय होतं? सुटे सुटे घेतले तर यातले भाग ओळखीचे होते. उंच चौथऱ्यावर देवळासारखी कबर बांधायची पद्धत शेजारच्या लिसिया प्रांतात होती. झँथॉस इथलं 'नेरेइड स्मारक' हे याआधी काही दशकांचं उदाहरण. पायऱ्यांच्या उंच बैठकीवरची कबर इराणात, पासारगाडी इथे, सायरस सम्राटाची होती. पिरॅमिड इजिप्तचा. खांब आणि शिल्पं ग्रीक. मॉसोलसच्या वास्तुविशारदांनी हे सगळं एकावर एक रचलं आणि त्यातून जे उभं राहिलं ते यातल्या कुठल्याच परंपरेचं राहिलं नाही. देऊळ म्हणावं तर आत देव नाही. पिरॅमिड म्हणावा तर तो हवेत, खांबांवर. नुसती कबर म्हणावी तर शहराच्या मध्यावर असा पर्वत कुणी पाहिलेला नव्हता.

ग्रीकांकडे कबरीसाठी शब्द कमी नव्हते. 'ताफोस' म्हणजे पुरण्याची जागा, 'सेमा' म्हणजे खूण, 'म्नेमा' म्हणजे आठवणीची वस्तू. पण हे शब्द एखाद्या शिळेपासून मोठ्या ओट्यापर्यंत सगळ्यांना चालत. एकाच माणसासाठी एवढी अवाढव्य इमारत बांधावी, हेच ग्रीक नगरराज्यांच्या वृत्तीत बसत नव्हतं. अथेन्समध्ये तर मॉसोलसनंतर काही दशकांतच, इ. स. पू. 317 च्या सुमारास, तिथला सत्ताधारी डेमेट्रिओस याने खर्चिक कबरींवर कायद्याने बंदीच आणली. जी वस्तू समाजात नसते तिला शब्दही नसतो. त्यामुळे हॅलिकार्नॅससच्या त्या वास्तूला लोकांनी मालकाच्या नावानेच ओळखलं.

त्यासाठी ग्रीक व्याकरणात सोय होती. नावाला '-एइऑन' हा प्रत्यय लावला की 'अमक्याचं स्थान' असा अर्थ होतो. म्यूझ या कलादेवतांचं स्थान ते 'मूसेइऑन', त्यावरून म्युझियम. वैद्यदेव ॲस्क्लेपिओसचं स्थान ते 'ॲस्क्लेपिएइऑन'. अपोलो लायकेइओसच्या नावाचं ठिकाण ते 'लायकेइऑन', त्यावरून लायसियम. तसंच मॉसोलसचं ते 'माउसोलेइऑन'. लॅटिनमध्ये त्याचं 'माउसोलेउम' झालं. ही उदाहरणं पाहिली की एक गोष्ट डोळ्यांत भरते: हा प्रत्यय बहुतेक देवतांच्या किंवा वीरपुरुषांच्या स्थानांना लागे. मॉसोलसला आपली कबर जशी दिसायला हवी होती, तसंच तिचं नावही पडलं.

इथवर हे विशेषनामच होतं. जगात माउसोलेइऑन एकच होतं. पुढची पायरी रोममध्ये घडली. सिडॉनच्या अँटिपेटरची सात आश्चर्यांवरची एक प्रसिद्ध ग्रीक कविता आहे. त्यात या वास्तूचा उल्लेख 'मॉसोलसचं प्रचंड स्मारक' असा येतो, म्हणजे माणूस आणि वास्तू अजून वेगवेगळे उभे आहेत. मग इ. स. पू. 28 मध्ये ऑगस्टसने रोममध्ये टायबर नदीजवळ स्वतःसाठी आणि घराण्यासाठी एक प्रचंड गोल कबर बांधायला घेतली. तिचं नाव पडलं माउसोलेउम. भूगोलकार स्ट्रेबोही तिला याच नावाने ओळखतो. ही कबर हॅलिकार्नॅससच्या वास्तूसारखी अजिबात दिसत नव्हती. ती गोल होती आणि तिच्यावर झाडं लावली होती. तेव्हा हा शब्द रोमनांनी घेतला तो आकारासाठी नाही, भव्यतेसाठी. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात प्रवासी लेखक पॉसानिअस हे स्पष्टच नोंदवतो: हॅलिकार्नॅससची कबर इतकी मोठी आणि सुंदर आहे की रोमन लोकही थक्क होऊन आपल्याकडच्या नामांकित कबरींना 'माउसोलेआ' म्हणतात. अनेकवचन झालं, आणि मॉसोलस सामान्यनाम झाला.

आपल्याकडे कुठल्याही वनस्पती तुपाला 'डालडा' म्हणू लागले तशीच ही वाट. वस्तू नवी असते, पहिला नमुना डोळ्यांसमोर असतो, आणि त्याचंच नाव पुढच्या सगळ्यांना लागतं.

हा शब्द पसरला त्याच काळात त्याची खिल्लीही उडवली गेली. लूशियन या लेखकाने मृतांच्या लोकातला एक संवाद लिहिला. त्यात मॉसोलस आपल्या कबरीची बढाई मारतो. फकिरासारखा राहिलेला तत्त्वज्ञ डायोजिनीस त्याला सांगतो, की तुझ्या हॅलिकार्नॅससच्या लोकांना पाहुण्यांना दाखवायला ती बरी आहे. तुला स्वतःला तिचा काय उपयोग, एवढ्या दगडांचं ओझं मात्र तुझ्यावर जास्त.

तो दगड पुढे कुठे गेला, तेही सांगायला हवं. वास्तू दीड हजार वर्षांहून जास्त काळ टिकली. मध्ययुगातल्या भूकंपांनी ती ढासळली. 15 व्या शतकाच्या सुरुवातीला सेंट जॉन पंथाच्या ख्रिस्ती सरदारांनी बोद्रुमला किल्ला बांधायला घेतला आणि आयता घडीव दगड समोर पडलेला होता. 1522 मध्ये तुर्कांच्या स्वारीच्या भीतीने किल्ल्याची डागडुजी करताना उरलेलंही उकरलं. संगमरवर भट्टीत घालून त्याचा चुना केला. आज बोद्रुमच्या त्या किल्ल्याच्या भिंतींत मॉसोलसच्या कबरीचे चिरे दिसतात. 1846 मध्ये इंग्रजांच्या राजदूताने भिंतीत बसवलेले काही शिल्पपट्ट लंडनला पाठवले, आणि 1856 पासून चार्ल्स न्यूटनने मूळ जागेवर उत्खनन केलं. रथाच्या घोड्यांचे तुकडे, पुरुषभर उंचीहून कितीतरी मोठे पुतळे आणि इराणी सम्राट झर्क्सीझचं नाव चार भाषांत कोरलेली एक छोटी बरणी त्याला मिळाली. पुतळ्यांपैकी एका पुरुषाला 'मॉसोलस' आणि एका स्त्रीला 'आर्टेमिसिया' म्हणायची प्रथा पडली, पण ते खरोखर त्यांचेच पुतळे आहेत याला पुरावा नाही. घराण्यातल्या पूर्वजांचेही असू शकतात. खुद्द बोद्रुमला आता एक मोठा खड्डा, काही खांबांचे तुकडे आणि पायाच्या खुणा उरल्या आहेत.

ब्रिटिश म्युझियमपासून चालत काही मिनिटांवर ब्लूम्सबरीत सेंट जॉर्ज चर्च आहे. 1730 मध्ये ते सुरू झालं तेव्हा मॉसोलसचा एकही दगड लंडनमध्ये आलेला नव्हता. वास्तुविशारद निकोलस हॉक्समूर याने प्लिनीचं वर्णन वाचून चर्चच्या मनोऱ्यावर तसाच पायऱ्यांचा पिरॅमिड चढवला आणि रथाच्या जागी राजा पहिला जॉर्ज उभा केला. इमारत नष्ट झाली तरी तिचं शब्दांतलं वर्णन किती काम करतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आता आपल्या शब्दांकडे. मराठीत 'मॉसोलियम'ला एक ठरलेला प्रतिशब्द नाही, आणि नसावाच असं मला वाटतं. आपल्याकडचे शब्द जास्त बारकाईने बोलतात. 'मकबरा' हा अरबी. 'क-ब-र' या तीन व्यंजनांच्या धातूपासून 'कबर', आणि पुढे 'म' लावून स्थानवाचक 'मकबरा', म्हणजे कबरीची जागा. हाच साचा आपण रोज वापरतो: सजदा करायची जागा ती मशीद, धडे घ्यायची जागा तो मदरसा, बसायची जागा ती मजलीस, आणि जियारतीला, म्हणजे दर्शनाला जायची जागा तो मजार. तेव्हा मकबऱ्यात कुणाचं नाव नाही, आणि भव्यताही मुळात नाही. ती वापराने आली. छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा हा औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम हिचा. तिथे 'मकबरा' म्हणजे चौथरा, घुमट, मिनार आणि बाग असलेली अख्खी वास्तू. खुलताबादला खुद्द औरंगजेबाची आहे ती उघड्या आकाशाखालची साधी कबर. तिला मकबरा म्हणता येत नाही. खुलताबादचं जुनं नाव मात्र रौझा. 'रौझा' म्हणजे बाग. बागेतल्या कबरीला, आणि मग कुठल्याही पूज्य कबरीला, हा शब्द लागला. विजापूरचा इब्राहिम रोझा, नगरचा बागरोजा याच वळणाचे. ताजमहालालाही मुघल दरबारच्या लेखनात रौझाच म्हटलं आहे. 'दर्गा' फारसी, मूळ अर्थ उंबरठा किंवा दरबार. तिथे पीर असावा लागतो, नुसता राजा चालत नाही.

'समाधी' शब्दाची जात याहून वेगळी. तो आधी योग्याच्या अवस्थेचा शब्द आहे, मग त्या जागेचा. संन्याशाला जाळत नाहीत, समाधी देतात. आळंदीला ज्ञानेश्वरांची समाधी म्हणताना दोन्ही अर्थ एकदम मनात असतात. 'छत्री' ही दहनाच्या जागी उभारलेली. पुण्यात वानवडीला महादजी शिंद्यांची छत्री आहे. 1794 मध्ये जिथे त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले ती ही जागा. आत देह नाही. म्हणून छत्रीला मॉसोलियम म्हणणं चुकीचं ठरतं: मॉसोलियम म्हणजे जमिनीच्या वर उभी असलेली, आत मृताला ठेवलेली इमारत. देह नसलेल्या स्मारकाला इंग्रजीत वेगळा शब्द आहे, सेनोटाफ, तोही ग्रीकच: रिकामी कबर.

म्हणून 'लेनिनची समाधी' असं छापलेलं वाचलं की अडखळायला होतं. लेनिनने समाधी घेतली नाही आणि तिथे समाधीचं काही नाही. 1924 मध्ये तो वारल्यावर वास्तुविशारद श्चुसेव्हने आधी लाकडी आणि 1930 पर्यंत ग्रॅनाइटची, वर पायऱ्यापायऱ्यांनी निमुळती होणारी वास्तू उभारली. रशियन तिला 'माव्झोलेय' म्हणतात. पायऱ्यांचा आकार पाहता, इथे शब्दाबरोबर मॉसोलसच्या छपराची आठवणही जवळ आली. मराठीत तिला सरळ 'लेनिनचं मॉसोलियम' म्हणावं, किंवा 'लेनिनचं थडगं'. थडगं हा आपला चांगला शब्द आहे. मोठ्या माणसांसाठी तो वापरायला आपण उगाच कचरतो.

तुर्कस्तानात, जिथे हे सगळं सुरू झालं, तिथे काय म्हणतात? अंकाऱ्यातल्या केमाल अतातुर्कच्या भव्य कबरीचं नाव 'अनितकबीर'. 'अनित' म्हणजे स्मारक आणि 'कबीर' म्हणजे आपल्या मकबऱ्यातली तीच अरबी कबर. तिथल्या मुख्य इमारतीला मात्र 'मोझोले' म्हणतात. मॉसोलसचं नाव फ्रेंचमधून फिरून त्याच्याच देशात परत आलं ते असं.

आणि नाव हरवण्याचंही एक उदाहरण आपल्याजवळ आहे. अहिल्यानगरजवळ शहा डोंगरावर अष्टकोनी, तीन मजली दगडी इमारत दुरून दिसते. सगळे तिला 'चांदबीबीचा महाल' म्हणतात. ती चांदबीबीची नाही आणि महालही नाही. ती निजामशाहीतला वजीर सलाबतखान याची कबर आहे, 16 व्या शतकातली.